तापास रेस्टॉरंटमध्ये सहा जणांची ऑर्डर कशी द्यावी? एक पूर्ण शिवराक, एक पोर्क न खाणारा

पर्वरीकर

येत्या शनिवारी रात्री पणजीतल्या एका स्पॅनिश तापास रेस्टॉरंटमध्ये टेबल घेतलंय. सहा जण आहोत: आई-बाबा, आम्ही दोघं, मेहुणा आणि त्याची दहा वर्षांची मुलगी. आई पूर्ण शिवराक (शाकाहारी), अंडंही नाही. बायको मांस-मासळी खात नाही, अंडं चालतं. मेहुणा कोंबडी आणि मासळी खातो, बीफ-पोर्क नाही. बाबा, मी आणि मुलगी सगळं खातो.

मेन्यू फोनवर पाहिला. चाळीसेक नावं, त्यातली निम्मी कळत नाहीत, आणि बशीत किती येतं हे कुठेच लिहिलेलं नाही. किती बश्या मागवाव्यात? सगळी ऑर्डर एकदम द्यावी की थोडी थोडी? आईला खात्रीने काय चालेल? शेरी या स्पॅनिश वाइनची अर्धं पान यादी आहे, त्यातली एखादी घ्यावी का? ज्यांना या जेवणाची नीट माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

तवा आणि तेल

आधी मापाचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. स्पेनमध्ये तीन मापं चालतात. तापा म्हणजे दोन-चार घासांची बशी. मेदिया रासियोन म्हणजे अर्धी प्लेट. रासियोन म्हणजे पूर्ण प्लेट, दोघा-तिघांत वाटून खायची. पिंचो हा आणखी वेगळा प्रकार: बास्क भागातला, बहुतेकदा पावाच्या तुकड्यावर काडी टोचून दिलेला एक नग, माणशी एक. आपल्याकडे मेन्यूवर नुसतं ‘तापास’ लिहितात. म्हणून वेटरला ‘मोठी असते का’ असं विचारू नका. ‘एका बशीत नग किती?’ असं विचारा. क्रोकेतास चार येतात की सहा, कोळंबी सहा येतात की दहा, हे कळलं की हिशोब तुमच्या हातात येतो. सहा जणांना चार नगांची बशी आली तर दोन नग जास्त घालून मिळतील का, हेही ऑर्डर देतानाच विचारा. बशी टेबलावर आल्यावर ते जमत नाही, कारण पुन्हा तेल तापवून नवा घाणा काढावा लागतो.

तुमच्यासारख्या पाच मोठ्या आणि एका लहान माणसाला, पाव धरून, दहा ते बारा बश्या पुरतात. पाएया (केशर घातलेला स्पॅनिश भात) घेणार असाल तर सात-आठ बश्याच.

सगळी ऑर्डर एकदम अजिबात देऊ नका. एकदम दिली की स्वयंपाकघर जे आधी तयार होईल ते बाहेर पाठवतं. दहा मिनिटांत टेबल भरतं, ऑलिव्ह आणि चीज खाऊन होईपर्यंत तळलेलं गार पडतं. गार क्रोकेता म्हणजे आत पिठूळ गोळा आणि बाहेर ओला चुरा. तीन फेऱ्या करा.

बसल्या बसल्या चार थंड बश्या सांगा: ऑलिव्ह, पान कोन तोमाते (पावावर लसूण चोळून, पिकलेल्या टोमॅटोचा गर आणि ऑलिव्ह तेल घातलेलं), मांचेगो चीज, आणि गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप) किंवा एखादं सॅलड. यांना शेगडी लागत नाही, म्हणून ती पाच-सात मिनिटांत येतात आणि उरलेला मेन्यू निवांत वाचता येतो. त्या अर्ध्या संपत आल्या की दुसरी फेरी सांगा, चार गरम बश्यांची. या फेरीत सगळ्यात जास्त मंडळींना चालणाऱ्या पदार्थाच्या दोन बश्या घ्या आणि टेबलाच्या दोन टोकांना एकेक ठेवा. सहा वेगवेगळे पदार्थ मागवले की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घास येतो आणि कुणाचंच समाधान होत नाही. पातातास ब्राव्हास (तळलेल्या बटाट्याच्या फोडी, वर लाल सॉस) दोन बश्या घेतल्या तर त्या उरत नाहीत.

तिसरी फेरी भूक बघून. दोन किंवा तीन बश्या. शेवटची ऑर्डर कधी घेतात ते आल्याबरोबर विचारून ठेवा.

फोंडा शिवराक

आईंसाठी मी लिहिते, कारण तापासमध्ये मांस-मासळी दिसणार नाही अशा ठिकाणी लपलेली असते आणि वेटरलाही ते माहीत नसतं.

सगळ्यात आधी ऑलिव्ह. बी काढून आत अँकोव्ही नावाची खारवलेली मासळी भरलेले ऑलिव्ह स्पेनमध्ये अगदी नेहमीचे. बाहेरून साध्या हिरव्या ऑलिव्हसारखेच दिसतात. बीसकट असलेले मागा, म्हणजे प्रश्नच मिटला. दुसरं, साल्मोरेखो. टोमॅटो, पाव, लसूण, तेल यांचं दाट थंड सूप, कोर्दोबा शहराचं. त्यावर हामोन म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात. गास्पाचो त्याहून पातळ असतं आणि त्यात हे सहसा नसतं. आईंना गास्पाचो द्या, पण ‘वरून काही घालता का’ एवढं विचारूनच.

ब्राव्हासवरच्या लाल सॉसमध्ये पुष्कळदा मांसाचा स्टॉक असतो. सोबत येणारा पांढरा सॉस म्हणजे आलिओली. मूळ कातालान आलिओली नुसता लसूण आणि तेल घोटून करतात, पण रेस्टॉरंटमध्ये तो बहुधा अंड्याच्या मेयोनेझचाच असतो. आईंच्या बशीत दोन्ही सॉस वाटीत वेगळे द्यायला सांगा. मांचेगो हे मेंढीच्या दुधाचं चीज. पारंपरिक पद्धतीत दूध विरजायला कोकराच्या किंवा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. आई ते पाळत असतील तर चीज टाळा.

आता चालण्यासारखं. एस्पिनाकास कोन गार्बांसोस म्हणजे काबुली चणे आणि पालक, जिरं आणि लसूण घालून, तळलेला पाव वाटून दाटपणा आणलेला. सेव्हियातला पदार्थ, पण चव आपल्या जिभेला अगदी ओळखीची. चणे शिजवताना हामोनचं हाड घातलेलं नाही ना, हे विचारा. बेरेंहेनास कोन मिएल म्हणजे पिठात घोळवून तळलेली वांग्याची कापं, वर गोड पाक. नावात मध असला तरी दक्षिण स्पेनमध्ये त्यावर घालतात ती उसाची काकवी. पिमिएंतोस दे पाद्रोन म्हणजे छोट्या हिरव्या मिरच्या, तेलात फोड येईपर्यंत परतून वर जाडं मीठ. त्या बहुतेक तिखट नसतात, अधूनमधून एखादी निघते. शांपिन्योनेस आल आहीयो, म्हणजे लसणाच्या तेलातले मशरूम, हेही बरं.

वांगी आणि बटाटे कोणत्या तेलात तळतात हा प्रश्न मात्र सोडू नका. बहुतेक छोट्या स्वयंपाकघरांत फ्रायर एकच असतो आणि त्यातच माणकी (स्क्विड) तळतात. वेगळं तेल नसेल तर आईंसाठी तळलेलं काहीच नको. पालक-चणे, मिरच्या, मशरूम आणि पान कोन तोमाते यांवर पोट भरतं. हे सगळं शनिवारी टेबलावर बसल्यावर विचारण्यापेक्षा शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास फोन करून विचारा. त्या वेळी स्वयंपाकघरात गर्दी नसते, शेफ स्वतः फोनवर येतो.

पर्वरीकर

देव बरें करूं, दोघांनाही. फ्रायरचं लक्षातच आलं नव्हतं. अजून दोन शंका. मेन्यूत ‘क्रोकेतास’ आणि ‘चोरीसो आल व्हिनो’ आहेत. बाबांना दोन्ही हवेत. हे आपलेच क्रोकेत आणि चोरीस का? आणि मेहुण्याला त्यातलं काय चालेल?

पोदेराचा पाव

नावं सारखी, पदार्थ वेगळे. हे नीट समजून घ्या, कारण मेहुण्यांच्या बाबतीत चूक व्हायची ती इथेच.

गोंयचे क्रोकेत म्हणजे लांबट, रव्यात घोळवलेले, आत खिम्याचे, आणि तो खिमा बहुतेक वेळा बीफचा. स्पॅनिश क्रोकेतास आतून मऊ, दाट बेशामेल सॉसचे (लोणी, मैदा आणि दूध शिजवून केलेला) असतात आणि त्यात बहुधा बारीक चिरलेलं हामोन, म्हणजे पोर्क. मेहुण्यांना हे दोन्ही चालणार नाहीत. कोंबडीचे (पोयो), कॉड माशाचे (बाकालाओ) किंवा मशरूमचे असतील तर चालतील, तेवढंच नाव घेऊन विचारा. ‘मीटबॉल’ म्हणजे आल्बोंदिगास हेही बहुधा बीफ-पोर्कच्या मिश्रणाचे असतात. आणि सोलोमीयो, सेक्रेतो, प्रेसा ही नावं दिसली तर ते बहुतेक डुकराच्या मांसाचे तुकडे समजा.

चोरीसचं तसंच. आपले चोरीस डुकराच्या मांसाचे, माडाच्या व्हिनेगरचे, लाल मिरचीचे. ते कच्चे असतात, कांदा-बटाट्याबरोबर शिजवूनच खायचे. स्पॅनिश चोरीसोत व्हिनेगर नसतं. लसूण आणि पिमेंतोन, म्हणजे वाळवून दळलेली लाल मिरची, याने तो मुरतो. ला व्हेरा भागातली पिमेंतोन ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, त्यामुळे तिला धुराचा वास असतो. वाळवलेला चोरीसो चकत्या करून तसाच खातात. ‘आल व्हिनो’ म्हणजे रेड वाइनमध्ये शिजवलेला. इथे काही ठिकाणी त्यात स्थानिक चोरीस वापरतात. मग व्हिनेगरचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा एकावर एक चढतो आणि सॉस घशाला लागतो. वेटरला सरळ विचारा: स्पॅनिश की गोंयचा? गोंयचा असेल तर वाइनमधला नको.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत राज्य पोर्तुगीजांचं होतं, स्पेनचं नव्हे. म्हणून ‘तापास’ या मथळ्याखाली रिसोल, काफ्रियाल, रेशाद मसाल्यातली सुंगटं (कोळंबी) दिसली तर ती आपली किंवा पोर्तुगीज परंपरेतली. चवीला उत्तमच, जरूर खा. पण स्पॅनिश जेवण बघायला जात असाल तर पैसे तोर्तीया, ब्राव्हास आणि आहीयोवर खर्च करा.

रांदण

बशी समोर आल्यावर ती नीट झाली आहे की नाही हे कसं ओळखायचं, ते लिहितो. परत पाठवायची असेल तर पहिल्या घासालाच पाठवता येते.

गांबास आल आहीयो, म्हणजे लसणाच्या तेलातली कोळंबी. घरच्या मापाने पाव किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा कप ऑलिव्ह तेल, सहा-सात पाकळ्यांच्या चकत्या आणि एक सुकी मिरची. लसूण गार तेलात घालून मंद आंचेवर तापवतात, म्हणजे त्याचा वास तेलात उतरतो. कडा सोनेरी झाल्या की कोळंबी, दीड-दोन मिनिटं, आणि मातीच्या छोट्या भांड्यातच बुडबुडे येत टेबलावर. बिघडतं ते दोन ठिकाणी. तेल आधीच कडकडीत असेल तर लसूण तपकिरी होतो आणि सगळं तेल कडू लागतं. हा कडूपणा नंतर कशानेही जात नाही. आणि कोळंबी कोयत्यासारखी अर्धी वळलेली हवी. शेपूट डोक्याला टेकून गोल कडं झालं असेल तर ती जास्त शिजलीय, चावताना रबरासारखी लागेल. या पदार्थात तेल हेच खरं खाणं आहे. सोबत मऊ पाव आला तर तो तेलात विरघळतो, म्हणून जाड कवचाचा पाव मागा. आपला उंडो या कामाला फार चांगला: कवच हातात घट्ट राहतं आणि आतला गाभा तेल ओढून घेतो.

तोर्तीया. ही मेक्सिकन पोळी नव्हे. बटाटा आणि अंड्याचं जाड ऑम्लेट. अर्धा किलो बटाट्याला सहा अंडी, चोवीस सेंटिमीटरचा तवा. बटाट्याच्या पातळ चकत्या भरपूर तेलात मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवतात, तळत नाहीत. मग निथळून फेटलेल्या अंड्यात दहा मिनिटं मुरवतात. तव्यावर ताटली धरून उलटतात. कापल्यावर मध्यभाग किंचित ओलसर असतो. तो कच्चा म्हणून राहिलेला नसतो, तशीच पद्धत आहे. बायकोला ओलं अंडं आवडत नसेल तर ‘आतपर्यंत शिजवा’ असं आधीच सांगा. मात्र काउंटरवर तासन्‌तास ठेवलेली ओलसर तोर्तीया घेऊ नका, आपल्या दमट हवेत तर नाहीच.

क्रोकेतास फुटून आत पोकळ निघाले, तर मिश्रण पुरेसं थंड न करता तळलंय किंवा तेल कमी तापलं होतं. बेशामेल रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट करून १८० अंशांच्या आसपास तळावं लागतं. बाहेरून गडद आणि आत गार असतील तर ते थेट फ्रीझरमधून तेलात गेलेत. असे बेधडक परत पाठवा.

माणकीच्या रिंगा: आंदालुसियाच्या पद्धतीत फक्त पीठ भुरभुरून तळतात, रवा नाही आणि जाड आवरणही नाही. पिठाचा पापुद्रा सुटून हातात आला तर माणकी नीट पुसून कोरडी केलेली नव्हती.

बोकेरोनेस एन व्हिनाग्रे हे मासे शिजवलेले नसतात, व्हिनेगरमध्ये मुरवून पांढरे होतात. व्हिनेगरने मासळीतले परजीवी मरत नाहीत. म्हणून स्पेनमध्ये २००६ पासून नियम आहे: अशी मासळी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवूनच वाढायची. इथे मागवताना ‘आधी गोठवली होती का’ हे विचारायला संकोच करू नका. गोठवली नसेल तर लहान मुलीला आणि वयस्करांना देऊ नका.

बोरी पूल

पाएयाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. तो तापास नाही. व्हालेंसिया प्रांतातलं दुपारचं जेवण आहे. घ्यायचाच असेल तर पहिल्या फेरीबरोबर सांगा, कारण ताजा केला तर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतातच. नुसता तांदूळ शिजायलाच अठरा-वीस मिनिटं जातात. दहा मिनिटांत आला तर भात आधीच शिजवून ठेवलाय. माणशी ८० ते १०० ग्रॅम तांदूळ धरतात, म्हणजे ‘दोघांचा’ पाएया तुमच्या टेबलावर बाकीच्या बश्यांसोबत चौघांना पुरतो.

नीट झालेला पाएया रुंद, उथळ कढईत बोटाच्या पेराहून कमी थराचा असतो. तांदूळ घातल्यावर ढवळत नाहीत. ढवळला की स्टार्च सुटून खिचडीसारखा गिच्च होतो. तळाला जी खमंग, करपायच्या आधीची खरपुडी धरते तिला सोकारात म्हणतात. कलथ्याने ती खरवडून सगळ्यांना वाटा. खरं केशर असेल तर रंग हलका सोनेरी आणि मध्ये धागे दिसतात. भडक पिवळा म्हणजे खायचा रंग.

आईंसाठी भाज्यांचा पाएया मागवताना स्टॉक कसला, हे विचारा. ‘वरची कोळंबी काढून देतो’ असं म्हणाले तर नको म्हणा. मासळीचा स्टॉक तांदळातच मुरलेला असतो.

आणि हे दिवस कुठले आहेत त्यावर मासळी ठरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या काळात कोळंबी आणि माणकी बहुधा गोठवलेली मिळते. पुल्पो म्हणजे ऑक्टोपस मात्र गोठवलेलाच बरा, कारण गोठवल्याने त्याचे तंतू मोकळे होऊन तो मऊ शिजतो.

पर्वरीकर

हे सगळं छापून घेतलं. शेरीबद्दल आणि बिलाबद्दल कुणी सांगेल का?

तवा आणि तेल

शेरी म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या हेरेस परिसराची वाइन, द्राक्षांपासून काढलेल्या मद्यार्काने थोडी कडक केलेली. यादी लांब दिसली तरी तुम्हाला दोनच नावं पुरेत: फिनो आणि मांसानीया. दोन्ही अगदी कोरड्या, साधारण १५ टक्के अल्कोहोलच्या. तळलेल्या मासळीला, ऑलिव्हला आणि आहीयोला याच्याइतकी जुळणारी दुसरी वाइन नाही. फ्रीजमधून काढलेली, ७ ते ९ अंशांची, छोट्या ग्लासात हवी. ऑर्डर देण्याआधी बाटली कधी उघडली ते विचारा. फिनो उघडल्यावर थंडीतही आठवडाभरच नीट राहते. रंग फिकट गवती हवा. तांबूस-सोनेरी झाली असेल आणि बदामाऐवजी कापून ठेवलेल्या सफरचंदाचा जड वास येत असेल तर ती गेलेली आहे. बाटली उघडून बरेच दिवस झाले असतील तर आमोंतियादो किंवा ओलोरोसो घ्या, त्या जास्त टिकतात. पेद्रो हिमेनेस ही अतिशय गोड, काळपट. ती जेवणात नको, शेवटी आइस्क्रीमवर चमचाभर घाला.

सांग्रियाचा (फळं-साखर घातलेल्या वाइनचा) जग मागवलात तर फिनो मागवू नका. सांग्रियाच्या साखरेपुढे फिनो नुसती आंबट लागते. जग घेताना बर्फ कमी सांगा. गाडी चालवणाऱ्याने दोन्ही टाळा.

बिल. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी. समजा दहा बश्या सरासरी ५०० रुपयांच्या, म्हणजे ५,००० वर २५०. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून तो भाग बिलात वेगळा दिसला पाहिजे. मोठ्या हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर दर १८ टक्केही असू शकतो. टेबल घेतानाच विचारा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना तसं सांगतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. वाढणाऱ्याने मनापासून वाढलं असेल तर त्याला हातात वेगळे पैसे द्या, ते त्याच्यापर्यंत नक्की पोचतात.

पाव आणि पाणी यांचे पैसे वेगळे लावतात का, हेही आधी विचारा. आहीयोबरोबर पाव दोनदा लागतोच.

फोंडा शिवराक

मुलीसाठी राहिलं. चुरोस (पिठाच्या तळलेल्या लांब काड्या) असतील तर सगळ्यांचं संपायच्या पंधरा मिनिटं आधी सांगा, ताजे तळूनच चांगले लागतात. सोबतचं चॉकलेट चमचा उभा राहील इतकं दाट असतं. फ्लान मागवलंत तर ते आपलं कॅरमल पुडिंगच समजा. ते आणि क्रेमा कातालाना दोन्ही अंड्याची, म्हणून आईंना नकोत. चुरोसच्या मूळ पिठात पाणी, मैदा आणि मीठ एवढंच असतं, पण काही ठिकाणी अंडं घालतात. शुक्रवारच्या फोनवर फ्रायरबरोबर तेही विचारून घ्या.